शपथेचं पान

दारूबंदीची जुनी पुस्तकं मी जमवतो. रद्दीवाले बाबूराव विचारतात, "साहेब, तुम्ही पीत नाही. मग ही कशाला?"

"पिणारे घेत नाहीत, म्हणून."

या पुस्तकांत उपदेश भरपूर आणि शेवटी सहीसाठी दारू सोडण्याच्या शपथेचं पान. ते बहुधा कोरंच असतं. काल मिळालेल्या पुस्तकात मात्र कुणा गणपतची सही होती, खोडलेली. तिच्याखाली पुन्हा तीच, पुन्हा खोडलेली, अशा सात. दारातल्या उन्हात पान धरलं, तेव्हा शाई पाण्यासारखी हलल्याचा भास झाला. उपदेशक एकदाच लिहून मोकळा झाला होता. गणपत परत परत येत राहिला. आठवी सही थरथरती आहे, पण तिच्यावर रेघ नाही.

"खोडायला राहिला नसेल," बाबूराव म्हणाले.

शक्य आहे. तरी पुस्तक मिटताना मी त्या सहीला बोट लागू दिलं नाही.