दुपारी साडेतीनची खळबळ

परवा रात्री जेवणाच्या ताटावर माझा एमएस्सीचा प्रोजेक्ट वाचला... आणि वाचवला आईने, तिच्या नकळत.

विषय असा: सोलापूरवरून, चारपाचशे किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या उपग्रहांच्या नोंदी तपासायच्या आणि तिथल्या चुंबकीय क्षेत्रात रात्री होणारी खळबळ शोधायची. खळबळ सापडलीही... पण सगळी दुपारी साडेतीनच्या आसपास!

ही तर सूर्य मावळल्यानंतरची गोष्ट. माझ्या गाइड मॅडम म्हणाल्या, तुझ्या डेटातच गडबड दिसतेय, सोमवारपर्यंत सुधारला नाही तर विषय बदल. चार महिने आलेख काढत बसले होते हो... कॉलेजातून घरी येईपर्यंत रिक्षात रडले.

जेवताना ताईचा व्हिडिओ कॉल आला. ती लंडनला नर्स आहे. आईचं नेहमीचं सुरू झालं, "जेवलीस का न्हाय? हितं नऊ वाजले की!" ताई म्हणाली, "अगं आई, इथं दुपारचे साडेतीन वाजलेत."

माझा घास हातातच राहिला. उपग्रहाच्या नोंदी आपल्या घड्याळाने नसतातच! त्या जागतिक वेळेत असतात, हिवाळ्यात लंडनला असते तीच. हे मी पहिल्याच वर्षी शिकलेय... काखेत कळसा आणि गावाला वळसा.

खरकट्या हातानेच लॅपटॉप उघडला. साडेपाच तास मिळवले, आणि एकेक ठिपका दुपारवरून उठून रात्रीत जाऊन बसला. दिवस मावळला की वरच्या हवेतल्या विद्युतभारित थरात विरळ बुडबुडे तयार होतात, वर चढतात. त्यांच्यातून जाताना उपग्रहाला चुंबकीय क्षेत्र थरथरताना दिसतं... होकायंत्राची सुईसुद्धा हलणार नाही इतकं बारीक.

आईला ओढत गच्चीवर नेलं आणि सगळं सांगितलं. वर नेहमीचंच काळं आभाळ. "आत्ता चाललंय व्हय हे? आपल्या डोक्यावर?" म्हटलं, रोज नसतं, पण आत्ता असेलही.

तिने मान वर केली. मग हळूच म्हणाली, "तीस वर्सं हितं कपडे वाळत घालते मी. कुणी सांगितलं न्हाय की."

इतक्या साध्या चुकीसाठी सोमवारी मॅडमचा ओरडा खायचाय, खाईन. पण आईला हे सांगणारी पहिली मी ठरले... मार्कांचं काय व्हायचं ते होवो, माझं शिकणं परवाच कामी आलं.