मी मधल्या रेषेवर बसले

"मॅडम, शिट्टी काढा."

माईक चालू होता. सगळ्या मैदानानं ऐकलं. संस्थेचे अध्यक्ष, सगळे त्यांना नाना म्हणतात, मांडवातून उठून थेट कबड्डीच्या आखलेल्या मैदानात आले. चपला घालून. मी हलले नाही, तेव्हा त्यांनी माझ्या गळ्यातली दोरी स्वतःच ओढली. मानेवर वळ उठला.

"राखीव जागेवर शिट्टी मिळते, अक्कल नाही मिळत," ते म्हणाले. मांडव हसला. हसणाऱ्यांत माझ्यासारखेच शाळांतले क्रीडाशिक्षकही होते.

सावद्याजवळच्या त्या शाळेनं जळगाव-धुळ्याच्या शाळांच्या स्पर्धा भरवल्या होत्या. मुलींची फायनल, यजमान शाळा विरुद्ध साक्रीकडची आश्रमशाळा. आमच्याकडं फायनलआधी यजमान पंचांचा सत्कार करतात. पुरुषांना टॉवेल-टोपी, मला ब्लाउजपीस, आणि सगळ्यांना नारळ. तो हातात घेतला की यजमान संघाला कार्ड दाखवायचं नाही, हे प्रत्येक पंचाला ठाऊक असतं. लिहिलेलं कुठंच नाही. मलाही ठाऊक होतं, आणि मी नारळ घेतला होता.

यजमानांच्या कोपऱ्यावर नानांची नात खेळत होती. चढाईला आलेल्या आश्रमशाळेच्या मुलीला तिनं दोन्ही पायांची कात्री घातली. कात्रीला बंदी आहे. मी ताकीद म्हणून हिरवं कार्ड दाखवलं. पुढच्या चढाईला पुन्हा कात्री, तोच गुडघा. पोरगी मातीत पडली आणि ओरडली, "ताई, मना पाय हालस नई!"

शाळेत असताना माझ्याही गुडघ्यावर अशीच कात्री बसली होती. तेव्हाचे पंच म्हणाले होते, "खेळात लागतंच." मी लंगडत घरी गेले. पंच झाले ती त्या एका वाक्याच्या रागानं. मग खिशातून कोणतं कार्ड निघणार होतं? लाल. नात बाहेर!

त्यावर नाना उठले होते.

शिट्टी गेली. मी मात्र मैदानाबाहेर गेले नाही. मधल्या रेषेवर मांडी घालून बसले.

"लाल कार्डवाली बाहेर गेल्याशिवाय चढाई होणार नाही," मी म्हटलं. राग होता, भीतीही होती.

धुळ्याचे एक म्हातारे पंच, आम्ही त्यांना आबा म्हणतो, वाकून हळूच बोलले, "ताई, ऊठ. बठ्ठं गाव त्यासनं शे."

सगळं गाव त्यांचं, हे खरंच होतं. पण गुडघा कोणाचा? "आबा, गुडघा कोना शे?" मी विचारलं.

ते टोपी सारखी करत निघून गेले. मला खेळ शिकवलेला माणूस. त्यांची पाठ बघताना डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलं नाही.

नातीला कोणी बाहेर काढलं नाही, आणि मला उचलायची हिंमतही कोणी केली नाही. फायनल रद्द झाली. मांडव उठला, भरीत-पुरीच्या पंगती बसल्या. मला कोणी हाक मारली नाही. त्या मुलीला तिच्या सरांनी केव्हाच दवाखान्यात नेलं होतं. मी बसले होते हे तिला कळलंही नसेल. पंचांची जीप मला न घेता गेली. नशिराबाद येईपर्यंत एसटीत माझ्या शेजारची जागा रिकामीच होती.

त्यानंतर मला कोणी पंच म्हणून बोलावलं नाही. थंडीत स्पर्धा सुरू होतात, गावागावांत मैदानं आखली जातात. मी शाळेच्या पटांगणावर एकटी उभी असते.

या वर्षी नरडाण्याकडून फोन आला. "मॅडम, पंच कमी पडतात. याल का? फक्त आमच्या संघाचं तेवढं समजून घ्या."

"येते," मी म्हटलं. "पण तुमच्या मुलींना आधीच सांगून ठेवा. कात्री घातली की बाहेर. मग ती अध्यक्षाची असो नाहीतर सालदाराची."

पलीकडून फोन ठेवला गेला. पुन्हा आला नाही.

येईल तेव्हाही मी हेच सांगणार आहे.