बारवेतला बाप्तिस्मा

धर्म ही केवळ आत्म्याच्या हाकेची गोष्ट आहे. ऐहिक सोयी-गैरसोयींना तिच्यात जागा नाही. हे वाक्य मी तरुणपणी दोन वर्षं दारोदार म्हणत हिंडलो. मूळ वाक्य इंग्रजी होतं, मराठी मी केलं होतं, आणि मला त्यात काही खटकत नव्हतं. वास्तविक माझे आजोबा एका दुष्काळात ख्रिस्ती झाले होते. त्या वर्षी मिशनच्या आवारात ज्वारी मिळत होती. आमच्या घरी आत्म्याच्या हाकेचा विषय निघाला की वडील खोकत आणि पंचांग नसतानाही पावसाबद्दल बोलू लागत.

मी नगरचा. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती, पण आमच्याकडे भूमला जाणं म्हणजे अजून मोगलाईत जाणं होतं. आईनं परदेशी निघालेल्या माणसाला द्यावं तसं मला लोणचं बांधून दिलं. ज्याच्याबरोबर मी राहणार होतो तो मात्र खराच परदेशी होता. अमेरिकेतल्या डोंगराळ मुलखात त्याचा पंथ होता. त्या पंथात मुलगा विशीत आला की त्याला दोन वर्षं जगात कुठंतरी धर्म सांगायला पाठवतात. पांढरा सदरा, काळा टाय, खांद्याला पिशवी आणि सोबत दुसरा तसाच मुलगा. एकट्यानं कुठंही जायचं नाही, असा नियम. याचा जोडीदार कावीळ होऊन मुंबईहूनच परत गेला, म्हणून माझी नेमणूक झाली. मी त्या पंथाचा नव्हतो. पण ख्रिस्ती होतो, दोन्ही भाषा येत होत्या आणि रिकामा होतो. वरिष्ठांना तेवढं पुरलं. अट एकच होती: दोन वर्षं चहा नाही.

त्यांच्यात या पोरांना 'वडील' म्हणतात. मी त्याला साहेब म्हणायचं ठरवलं, कारण मिसरूड नीट न फुटलेल्या मुलाला भूमच्या बाजारात 'वडील' अशी हाक मारायला मी धजलो नाही.

आमचा दिवस पहाटे गुडघ्यांवर सुरू होई. मग पवित्र ग्रंथाचं वाचन, मग कोळशाच्या इस्त्रीनं सदऱ्यांना इस्त्री, मग पाणी उकळणं. पाणी उकळल्याशिवाय प्यायचं नाही, हे पत्रक डॉक्टरांनी दिलं होतं आणि ते आम्ही प्रार्थनांच्या शेजारी भिंतीला चिकटवलं होतं. त्यानंतर टाय बांधून बाहेर. लोकांना आम्ही हिवतापवाले वाटत असू. दार उघडलं की बाई न बोलता गोठा दाखवायची. फवारणी तिथून सुरू करा म्हणून. आम्ही तारणाविषयी बोलायला आलो आहोत, असं मी सांगितलं की ती विचारायची, "बँकेचे का?" दुपारपर्यंत घरोघर चहा नाकारून आम्ही परत येत असू. तालुक्यात आमची ओळख हळूहळू पक्की झाली: चहा न पिणारे. धर्माविषयी कुणाला काही आठवत नसे.

साहेबाला हे लागत होतं. त्याच्या वडिलांनी तरुणपणी कुठल्याशा बेटावर जाऊन जवळजवळ अख्खं गाव धर्मात आणलं होतं. त्यांच्याकडे बाप्तिस्मा म्हणजे कपाळावर थेंब नव्हेत. सगळा माणूस पाण्याखाली गेला पाहिजे. पायाचा अंगठा वर राहिला तरी पुन्हा बुडवतात. वडिलांनी गाव बुडवलं होतं. मुलाचं म्हणणं, मला दोन वर्षांत एक माणूस मिळाला तरी पुरे. तो हे मागणं रोज रात्री देवापुढं मांडायचा, आणि जोडीदार म्हणून मला ते ऐकावं लागायचं. मलाही मग तो एक माणूस मिळावासा वाटू लागला.

आमचा घरमालक शिंपी होता. दुकानाच्या मागची खोली त्यानं आम्हाला दिली होती. एकदा मशीन थांबवून तो म्हणाला, "उधर खेडे में एक बुड्ढा है, सोलापूर की मिल में जॉबर था. बात सुनता है." मग सुईत दोरा ओवत म्हणाला, "जवाब बी देता है, वो अलग."

जॉबर म्हणजे गिरणीतला मुकादम. हे जॉबरबाबा गावकुसाबाहेरच्या वस्तीत राहत. उंच, ताठ माणूस. गिरणी सुटल्यावरही त्यांनी कोट सोडला नव्हता. त्यांनी बाजेवर घोंगडी टाकून आम्हाला बसवलं. वस्ती भोवती जमली. त्यांची बायको आत गेली आणि थोड्या वेळानं दोन कप घेऊन आली. साहेबानं हात जोडले. मी रोजचं वाक्य म्हटलं, "आम्ही चहा घेत नाही."

गावात हेच वाक्य म्हटलं की लोक हसत. इथं कुणी हसलं नाही.

"घेत न्हाय, का आमचा घेत न्हाय?" जॉबरबाबांनी विचारलं.

"बाबा, धर्मातच मनाई आहे. चहा नाही, कॉफी नाही, तंबाखू नाही..."

"समद्याला कायतरी असतंयच. मागं एक पुढारी आलते, त्यांचं पोट बिघडलेलं. त्याच्या आदी एक आलते, त्यांचा उपास. तिसऱ्यानं घेतला बगा चहा. गावातल्या हाटेलातनं किटली आणली, कप बी हाटेलाचे. आमच्या दारात बसून हाटेलाचा चहा पिले, फोटू काडला आन् गेले. तुमचं धर्माचं हाय. व्हय, बरोबर हाय."

साहेबानं भाषांतर मागितलं. मी ते केलं. त्याला जातीपातीचं पुस्तकापुरतं माहीत होतं, पण आपण तराजूत बसलो आहोत एवढं त्याला समजलं. त्यानं थोडा विचार केला आणि आपल्या मराठीत म्हणाला, "मला पाणी द्या."

बाईनं नवऱ्याकडं पाहिलं. चहा ही नवी गोष्ट. तो नाकारायला उपास चालतो, पोट चालतं. शिवाशिवीचा सगळा जुना कायदा पाण्यावर लिहिलेला होता. या वस्तीला गावच्या विहिरीवर जायची सोय नव्हती. गावानं टाकून दिलेली एक पायऱ्यांची बारव होती, त्यात उतरून, गुडघाभर पाण्यात उभं राहून ही माणसं घागर भरत. साहेबाला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याचा हिशेब साधा होता: चहा देवानं मना केला आहे, न उकळलेलं पाणी डॉक्टरांनी. त्यानं देवाचं ऐकलं.

"दे," जॉबरबाबा म्हणाले.

साहेबानं तांब्याला तोंड लावलं आणि पुरा रिकामा केला. मग मीही प्यालो.

जॉबरबाबा बाजेच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसले. "चहाला नगं म्हननारे लई पायले. पानी मागनारा ह्योच पयला. हं, बोला सायेब."

साहेब पुढं वर्षभर बोलत होता. आठवड्यातून दोनदा आम्ही तिथं जायचो. जॉबरबाबा मन लावून ऐकायचे आणि गिरणीत तागा तपासावा तसं प्रत्येक वाक्य उलटंपालटं करून बघायचे. देवदूतानं एका तरुणाला डोंगरात पुरलेले सोन्याचे पत्रे दाखवले, त्यांवर धर्मग्रंथ कोरलेला होता, हे ऐकल्यावर त्यांनी विचारलं, "मग आता ते पत्रे कुठं हायेत?"

"देवदूत परत घेऊन गेला," मी सांगितलं.

"व्हय. सोनं परत न्हेतेतच."

पण ऐकणं त्यांनी थांबवलं नाही. मेल्यानंतर कुटुंबं पुन्हा एकत्र येतात, या भागाला तर ते दोनदा "परत सांगा" म्हणाले. त्यांचा एक मुलगा सोलापुरात प्लेगच्या वर्षी गेला होता. साहेबानं परत सांगितलं. बाई चुलीपाशी बसून ऐकत होती, ती म्हणाली, "तिथं तरी येगळी वस्ती न्हाय ना?" साहेब म्हणाला, नाही. त्या वेळी तो टायमध्ये असूनही मला खरोखर वडीलधारा वाटला.

उन्हाळा लागला आणि साहेबाच्या घोट्यावर फोड आला. आग इतकी की त्याला चालवेना. त्या दिवशी आम्ही वस्तीतच होतो. बाईनं पाय मांडीवर घेतला, फोडाकडं पाहिलं आणि म्हणाली, "नारू हाय."

वस्तीत नारू नवा नव्हता. कुणाच्या ना कुणाच्या पायातून तो पांढरा दोरा दर उन्हाळ्यात निघायचाच. पाण्यातून आत जातो आणि वर्षानं बाहेर येतो, असं डॉक्टर म्हणतात. बाईनं दोऱ्याचं टोक आगकाडीला गुंडाळलं. रोज थोडं थोडं गुंडाळायचं, ओढायचं नाही. तुटला तर पाय सडतो. साहेबाला हलवणं शक्य नव्हतं, म्हणून तो जॉबरबाबांच्या बाजेवर राहिला आणि नियमाप्रमाणं मी शेजारी.

"लेकरा," बाई काडी फिरवत म्हणाली, "त्या दिशी चहा घेतला आसतास तर ह्ये झालं नसतं. चहाचं पानी उकळतंय."

"ती काय म्हणते?" साहेबानं विचारलं.

मी सांगितलं. तो म्हणाला, हे वरिष्ठांना कळवू नकोस.

त्या बाजेवर पडून त्यानं जे काम केलं ते वर्षभराच्या बोलण्यानं झालं नव्हतं. तो त्यांची भाकरी खात होता, त्यांच्या चुलीचा धूर सोसत होता आणि दुखलं की आईच्या नावानं रडत होता. एका सकाळी जॉबरबाबा कोट घालून बाजेपाशी उभे राहिले.

"पाय बरा झाला की बुडवा मला."

साहेब उठून बसायला गेला. बाईनं त्याला काडीसकट खाली दाबलं. "हल्लास तर तुटंल," ती म्हणाली. "आन् म्या न्हाय बुडनार. घरात एकानं देव बदलला तर बास हाय. दोगांनी बदलला तर भांडायचं कुनाच्या देवावरनं?"

बाप्तिस्मा बारवेत करायचं ठरलं. तालुक्यात या वस्तीला पोचण्यासारखं खोल पाणी तेवढंच होतं. साहेबानं पांढरे कपडे शिंप्याकडे शिवायला टाकले. एक जोड त्याचा, एक जॉबरबाबांच्या उंचीचा.

मात्र गोऱ्या माणसाला नारू झाल्याची बातमी तोवर वर पोचली होती. वस्तीचे पाय पिढ्यान् पिढ्या सडत होते आणि त्याची फाइल कुणी उघडली नव्हती. आता परदेशी पाहुण्याच्या घोट्यासाठी तहसीलदार आले, आरोग्य खात्याचे अधिकारी आले आणि चहाला फाटा देणारे ते पोटदुखीचे पुढारीही आले. साहेब बाजेवरून हात जोडत होता. त्यांनी बारव पाहिली, नाकाला रुमाल लावला, आणि पंधरवड्याच्या आत ती दगडमातीनं बुजवून टाकली. शेजारी नवा आड खणायला घेतला. पायऱ्या नाहीत, उतरायचं नाही, दोरानं पाणी शेंदायचं; नारूवर हाच उपाय. काम खरंच झपाट्यानं झालं. नारळ फोडताना पुढारी म्हणाले की हरिजन बांधवांच्या आयुष्यात आज गंगा अवतरली. टाळ्या झाल्या. गंगा पुरुष-दीड पुरुष खोल होती आणि रुंदी पसरलेल्या दोन हातांएवढी.

नारू अखेर पुरा निघाला. साहेब कुबडी घेऊन आडाच्या काठावर गेला आणि आत डोकावून पाहत राहिला.

"आता कुठं बुडवता?" जॉबरबाबांनी विचारलं.

"ह्यांना काय बादलीसंगं सोडता का?" बाई म्हणाली.

आम्ही सगळं करून पाहिलं. बाणगंगा नदीत नुसती वाळू होती. पाटलाकडं गूळ शिजवायची मोठी काहील होती. पाटील म्हणाले, एकदा माणूस झोपवला की त्या काहिलीतला गूळ कोण घेणार; कोणता माणूस, ते मात्र त्यांनी बोलून दाखवलं नाही. रस्त्याच्या कामावरून डांबराचं रिकामं पिंप आणलं. जॉबरबाबा कोट काढून त्यात बसून दाखवायला तयार झाले. गुडघे पोटाशी घेतले तर डोकं वर राहायचं, डोकं खाली घातलं तर गुडघे. साहेबानं सगळ्या बाजूंनी मापं घेतली आणि पिंप परत पाठवलं. देवळाला कुंड होतं. तहसीलदार म्हणाले की कायद्यानं आता कुणालाही उतरता येतं, पण कशाला? जॉबरबाबाही नको म्हणाले. "त्यांच्या कुंडात तुमचा देव घ्याचा म्हंजे दोनी देवांशी वाकडं."

पावसाळ्यापर्यंत थांबणं एवढंच उरलं. साहेबाची दोन वर्षं त्याआधी संपत होती. त्यानं मुदत मागितली. पंथाच्या नियमात ती नव्हती. निघायच्या दिवशी वस्ती एस.टी.पर्यंत आली. बाईनं भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दिली. साहेबानं पांढऱ्या कपड्यांचा तो लांब जोड जॉबरबाबांच्या हातात ठेवला.

"पाऊस पडला की या," जॉबरबाबा म्हणाले.

त्याच्या जागी कुणी आलं नाही. मी नगरला परतलो, शाळेत लागलो आणि पहिल्या दिवशी दोन कप चहा प्यालो.

पुढं दोनेक वर्षांनी जॉबरबाबांचा निरोप आला म्हणून मी गेलो. सगळी वस्ती बुद्धाचा धर्म घेणार होती. जॉबरबाबांच्या अंगात शिंप्यानं शिवलेला तोच पांढरा जोड होता. आता नीटनेटका धुतलेला. मी काही विचारायच्या आत ते म्हणाले, "सायेब मानूस चांगला. मनातनं उतरला न्हाय. पन ह्यो धर्म आमच्याच मानसानं आमच्यासाटी हुडकून दिला. ह्यात कुनाच्या दारात हुबं ऱ्हायचं न्हाय." या खेपेला बाईही शेजारी बसली होती.

आडाच्या बाजूला सतरंजी टाकली होती. लोकांनी हात जोडून काही वाक्यं म्हटली, प्रतिज्ञा घेतल्या आणि अर्ध्या तासात सगळे बौद्ध झाले. त्या विधीला पाणी लागत नाही. आड पहिल्याच उन्हाळ्यात आटला होता.