न उघडलेली घडी

माझं अक्षर वाईट आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकत असतील. वाचणाऱ्यानं माफ करावं. शाळा चौथीपर्यंत, तीही कन्नड; मराठी लिहायला घरीच शिकले. चार माणसांत सांगायला गेले की माझी जीभ अडखळते, म्हणून लिहून ठेवते आहे.

मी काही मोठी अधिकारी नव्हते. पोलिसातला नवरा वारल्यावर मला म्हैसुरातल्या ठाण्यात घेतलं. बायकांची झडती घ्यायची, कोठडीत बाई असली की तिच्याजवळ बसायचं, हे माझं काम. तेव्हा राज्याचं नावही अजून म्हैसूरच होतं. निवृत्तीलाही आता बरीच वर्षं झाली, पण एक सकाळ डोळ्यांपुढून हलत नाही.

हजेरी नुकतीच संपली होती. सरस्वतीपुरमातल्या एक मास्तरीणबाई तरातरा आत आल्या. मागं गल्लीतल्या तीन-चार बायका.

"पळाली, सार! टेलरबाई पळाली! आमची चीटी घेऊन गेली!"

चीटी म्हणजे भिशी. दर महिन्याला सगळ्यांनी पैसे घालायचे, ज्याची पाळी त्यानं उचलायचे. ही भिशी त्यांच्या गल्लीतली एक शिवणकाम करणारी बाई चालवायची. आमच्यासारखीच मराठी, विठ्ठलाची माळकरी. या महिन्याची पाळी मास्तरीणबाईंची होती. त्या पैशांवर त्यांच्या नवऱ्याच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलेलं होतं. पैसे गोळा झाले होते, आणि आज बघावं तर दाराला कुलूप, खिडकीतून शिवणयंत्र दिसत नाही.

"काल संध्याकाळी सगळ्यांचे ब्लाउज घरोघरी पोचवले तिनं," दुसरी बाई म्हणाली. "एकाचंही काम बाकी ठेवलं नाही. तेव्हाच कळायला हवं होतं की!"

"माझाही देऊन गेली," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तोंड वर करून बघितलंसुद्धा नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!"

हवालदारांनी टाक उचलला. "फरारी लिहू ना, सार?"

आमचे फौजदार साहेब कन्नड बोलायचे, मी ते इथं मराठीत लिहिते. ते म्हणाले, "थांबा. शाईनं लिहिलं की पुसता येत नाही. आधी स्टँडवर चौकशी करा."

तासाभरात एक कंडक्टर ठाण्यात आला. बाईला तो ओळखत होता. पहिल्या बसनं तिनं नंजनगूडचं तिकीट काढलं होतं.

"सामान काय होतं?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही, सार. हातात पिशवीसुद्धा नव्हती. उरलेली चिल्लर द्यायला लागलो, तर म्हणाली, राहू दे रे बाबा, मला काय करायची आहे."

मास्तरीणबाई म्हणाल्या, "बघा! पैसा एवढा झालाय की चिल्लर नको!"

साहेब मात्र उठून उभे राहिले. "पळणारी बाई पेटी नेते. घरोघरचं काम संपवून, रिकाम्या हातानं, नदीच्या गावाला कोण जातं?" मग माझ्याकडे वळून, "अम्मा, तुम्ही चला. जीप काढा रे!"

मी धावत जाऊन जीपमध्ये बसले.

नंजनगूडला ती नदीच्या शेवटच्या पायरीवर सापडली. पाय पाण्यात होते, पदर कमरेला घट्ट खोचलेला. साहेब वरच थांबले. मी जाऊन तिच्याशेजारी बसले आणि हळूच तिचं मनगट धरलं. तिनं सोडवून घेतलं नाही, माझ्याकडे बघितलंही नाही.

ठाण्यात आणल्यावरही तोंड उघडेना. पैसे कुठं, कोणाला दिले, साहेबांनी नाना तऱ्हांनी विचारलं. मास्तरीणबाईंना बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. त्या तिथूनच टोमणे मारत होत्या. शेवटी साहेबांनी मला खूण केली, तुम्ही बोला म्हणून.

मला काय बोलता येतंय? जे सुचलं ते बोलले. "अक्का, त्या बाईंच्या ब्लाउजला हुक लावायचे राहिले म्हणतात."

कोणी तसं म्हटलं नव्हतं. पण तिची मान ताडकन वर झाली.

"कोण म्हणतं? सगळे हुक लावलेत! मी अर्धं काम कोणाला दिलेलं नाही." आणि मग रडू फुटलं. "यंत्र विकून आलेले पैसे त्याच ब्लाउजच्या घडीत ठेवलेत. बाईंनी घडी उघडली नाही काय?"

मास्तरीणबाई बाकावरून उठून दारात आल्या.

मग सगळं बाहेर आलं. भिशीचे पैसे जमले त्या दिवशी तिचा दीर दारात आला. आठ दिवसांत परत देतो, वहिनी, दुकानाचा सौदा हातचा जातोय. "विचार करायलाही त्यानं वेळ दिला नाही, आणि मीही मागितला नाही," ती म्हणाली. तो गेला तो गेलाच. यंत्र विकून निम्मेही उभे राहिले नाहीत. उरलेल्या पैशांसाठी बाईंपुढं कुठल्या तोंडानं उभी राहू, म्हणून पहाटे निघाली.

मास्तरीणबाई तडक घरी गेल्या. परत आल्या तेव्हा हातात ब्लाउज होता, घडी उघडलेला. "रागानं कोपऱ्यात फेकला होता मी," एवढंच म्हणाल्या. तक्रार त्यांनी दिराच्या नावानं दिली. तो काही सापडला नाही. भिशीतल्या दुसऱ्या एकीनं आपली पाळी त्यांना दिली, म्हणून ऑपरेशन अडलं नाही.

निघताना त्या टेलरबाईंवर खेकसल्या, "जीव दिलास तर माझे पैसे कोण देणार ग? आईचं हातमशीन पडलंय घरी. फुकट नाही देत. शीव आणि फेड!"

माझं हुकांचं सोडलं, तर त्या दिवशी खोटं कोणीच बोललं नव्हतं. कुलूप खरं, गेलेलं यंत्र खरं, पोचवलेले ब्लाउजही खरे. घाई झाली ती अर्थ लावण्यात. दिराला पैसे देणारीनं घाई केली, तिला चोर ठरवणाऱ्यांनीही केली. बाजारात असो की घरात, पटकन काही वाटलं तर वाटू द्यावं. पण हात घालण्याआधी घडी उघडून बघावी. साहेब हुशार होते म्हणून नव्हे, थांबले म्हणून एक जीव वाचला.

टेलरबाई दोन वर्षं फेडत होत्या. शेवटच्या खेपेला मला म्हणाल्या, "अक्का, सोबत चला. एकटीला धीर होत नाही." त्यांनी नवा ब्लाउज मास्तरीणबाईंपुढं ठेवला. "उरलेले सगळे घडीत आहेत, बाई. उघडून मोजून घ्या."

मास्तरीणबाईंनी ब्लाउज उचलला, घडी तशीच ठेवून कपाटात टाकला आणि किल्ली फिरवली.

"मोजायचं काय त्यात?" त्या म्हणाल्या. "फिटले. बस, कॉफी टाकते."