नोंदवहीतली मुलगी

तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले आणि आरमोरीकडच्या आमच्या शाळेत मी गणिताची बाई समुपदेशकही झाले. ग्रंथालयाच्या कोपऱ्यात दोन खुर्च्या मांडल्या. महिनाभर कोणी फिरकलं नाही. मग नववीतली एक मुलगी आली. आई वारल्यापासून वर्गात तिचा श्वास कोंडायचा, हात थरथरायचे.

"बाई, घरी सांगू नोका. वारं लागलं म्हनतीन, पुजाऱ्याकडे नेतीन, शाळा बंद करतीन."

"कोणाला सांगणार नाही," मी शब्द दिला.

दर बुधवारी ती यायची. ती बोलायची, मी ऐकायचे, एवढंच. दिवाळीनंतर एक दिवस ती आपणहून फळ्याशी आली आणि उदाहरण सोडवून गेली. हात थरथरला नाही. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

आमच्याकडे मात्र वहीत नसलेलं काम झालेलंच नसतं. मुख्याध्यापकांनी समुपदेशनाची नोंदवही मागितली. मी म्हटलं, सर, हे कोणाला कळायला नको.

"नाव नोका लिहू ना. अन् कपाटाची किल्ली माझ्याजवळ राहीन. माझ्यावर भरोसा नाई का, बाई?"

होता. म्हणून तर लिहिलं. सुवाच्य अक्षरात, मुद्देसूद. शाबासकीची हौस मलाही होतीच.

जानेवारीत पालकसभा भरली. शाळेची कामं सांगता सांगता सरांनी तीच वही उचलली आणि माइकवर वाचलं, "नाव नाई सांगत. वर्ग नववी. आई नाही. श्वास कोंडतो, भीती वाटते." नववीत आई नसलेली मुलगी एकच होती. साऱ्या माना एकदम तिच्या बापाकडे वळल्या. मी पहिल्याच रांगेत होते. उठून वही हिसकावून घ्यायला हवी होती. मी बसून राहिले.

ती पुन्हा शाळेत आली नाही. तिच्या घरी गेले तर बापानं अंगणातूनच हात जोडले. "गावासमोर इज्जत गेली, बाई. आता पुरे." सरांना जाब विचारला, तर ते चहा पीत शांतपणे म्हणाले, "मी नाव कुठी घेतलं?" एवढा विश्वासघात करून माणूस चहा कसा पिऊ शकतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. पुढं तपासणीत नोंदवहीवर 'उत्तम' असा शेरा मिळाला. सरांनी माझं अभिनंदन केलं.

जुलैत रोवणी सुरू होती. शाळेत जाताना रस्त्यालगतच्या पाणी भरलेल्या बांधीत ती दिसली, बायांच्या रांगेत, हातात धानाची रोपं. मी गाडी थांबवली. "कशी आहेस गं?"

तिनं कंबर सरळ केली. माझ्याकडे पाहिलं, मग खांद्यावरच्या माझ्या वह्यांच्या पिशवीकडे.

"हे पन लिवून ठेवसान का, बाई?" म्हणाली, आणि पुन्हा चिखलात वाकली.