भित्रे मिस्त्री

चालू इंजिनाकडे पाठ करून भित्रे मिस्त्री कधी बाहेर पडत नसत. गिरणीत शिरताना तोंड इंजिनाकडे, आणि निघतानाही तोंड इंजिनाकडेच. पावलं तेवढी मागं मागं उंबऱ्याकडे सरकत. देवळातून निघताना काही माणसं देवाला पाठ दाखवत नाहीत, तसं. पण यात भक्ती नव्हती, निव्वळ भीती होती, आणि ती लपवावी असं त्यांना कधी वाटलं नाही. शहापूर-मुरबाडकडे डिझेल इंजिनाला हात घालणारे मिस्त्री पुष्कळ, आणि ‘होऊन जाईल’ हे सगळ्यांच्या तोंडी. ‘मला भ्याव वाटतं’ म्हणणारा हा एकटाच. त्यावरून पडलेलं नाव त्यांनी तक्रार न करता घेतलं. हाक मारली की ओ द्यायचे.

आमची भातगिरणी डोळखांबच्या पुढे, दोन पाड्यांच्या मधे, रस्त्याला लागून. पत्र्याची शेड, एका बाजूला भात भरडायचा हलर, दुसऱ्या बाजूला इंजिन, आणि दोघांना जोडणारा लांब पट्टा. वीज आहे, पण गिरणीला लागते ती थ्री फेज आमच्याकडे पाहुण्यासारखी येते आणि चहा होईस्तोवर निघून जाते. म्हणून इंजिन. ते आमच्या ह्यांनी जुनं आणलं होतं आणि भित्रे मिस्त्रींना बोलावून तीन दिवसांत पुन्हा बांधलं होतं. मिस्त्री शेजारी बसून सांगत, आणि हे एकेक नट आवळत. दोनच वर्षांत हे काविळीनं गेले आणि गिरणी माझ्या गळ्यात आली. हँडल मारायला मी शिकले, पट्टा चढवायला शिकले. पण ते मोठं चाक फिरू लागलं की वाटणारी भीती काही गेली नाही.

मिस्त्रींची दुसरी खोड म्हणजे ओलं गोणपाट. कुठलंही जुनं इंजिन सुरू करण्याआधी ते एक रिकामं पोतं पाण्यात बुडवून, पिळून, इंजिनाजवळच्या खुंटीला टांगायचे. भात घेऊन बसलेल्या बायकांना तेवढंच हसायला निमित्त.

"मिस्त्री, इंजनाला न्हाऊ घालताय का?"

"नाय गो. इंजन पिसाळला ना, डिझेल बंद केलास तरी तो थांबत नाय. मग त्याचा श्वासच कोंडायला लागतो."

बायका आणखी हसायच्या. मी हसत नसे, कारण मिस्त्री हसत नसत. तरुणपणी त्यांनी धसईकडच्या एका गिरणीत असं इंजिन पिसाळलेलं पाहिलं होतं. चाक निखळून भिंतीतून पार झालं आणि त्यांच्या उस्तादाचा हात कोपरापासून गेला. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही चहाच्या कपात बघत.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळी होऊन नवं भात यायला लागलं तेव्हा, इंजिन निळा धूर सोडू लागलं आणि तेल पिऊ लागलं. मी मिस्त्रींना मुरबाडहून बोलावलं. त्यांनी इंजिन सुरू करून तेल भरायचं झाकण काढलं आणि त्या भोकावर तळहात धरला. डोळे मिटून बराच वेळ धरला. आतून धुराचे भपकारे हाताला ढकलत होते.

"बॅक कॉम्प्रेशन मारतो," ते म्हणाले. "पिस्टनच्या रिंगा गेल्या, आतला बोर घासलाय. खोलायला लागेल, वैनी. पूर्ण."

"हा सीझन काढू द्या. पौषात म्हसा गावची जत्रा होऊ दे, मग बघू."

"सीझन निघेल पण. किंवा नाय निघणार. मला भ्याव वाटतं."

"तुम्हाला कशाचं वाटत नाही, ते सांगा," मी चिडून म्हणाले. त्यांनी झाकण पुन्हा लावलं आणि मागं मागं सरकत निघून गेले.

सीझनचं निमित्त खोटं होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही. त्या इंजिनावरचा प्रत्येक नट ह्यांच्या हातानं आवळलेला होता. घरात ह्यांचे कपडे होते, फोटो होता, पण हातानं केलेलं आणि अजून चालत असलेलं असं तेवढंच उरलं होतं. ते खोलायचं म्हणजे ह्यांचे हात सोडवायचे. इंजिनाची भीती वाटायची आणि ते खोलायची त्याहून जास्त वाटायची. दोन्हींपैकी जी भीती मोठी तिचं मी ऐकलं आणि इंजिन तसंच ठेवलं.

मिस्त्रींनी वाद घातला नाही. पण पुढच्या मंगळवारी ते सकाळच्या एसटीनं आपणहून हजर. त्याच्या पुढच्या मंगळवारीही. मी बोलावलेलं नसे. येऊन तेलाची पट्टी काढून बघत, पुसत, पुन्हा बघत. पट्टीवर दोन रेघा असतात. तेल त्यांच्या मधे हवं. दर वेळी एकच वाक्य: "वरच्या रेघेच्या पुढं थेंब पण नको, वैनी. कमी असला तर इंजन मरेल, जास्त झाला तर दुसऱ्याला मारेल." मग गोणपाट ओलं आहे का बघून, मागं मागं सरकत रस्त्यावर.

ती गोष्ट घडली तीही मंगळवारीच, जत्रेला आठ दिवस असताना. जत्रेला पाहुणे येतात, म्हणून पाड्यांवरच्या बायका सकाळपासून टोपल्या घेऊन शेडमध्ये दाटीनं बसल्या होत्या. पंधरावीस तरी असतील, काहींच्या कडेवर पोरं. एवढ्या गर्दीत मधेच तेल संपून इंजिन जाम झालं तर काय, या विचारानं रात्रभर माझा डोळा लागला नव्हता. म्हणून मी तेल घातलं. वरच्या रेघेपर्यंत घातलं, आणि पिणारच आहे तर पिऊ दे म्हणून वर आणखी लिटरभर ओतलं. खुंटीवरचं वाळलेलं गोणपाट काढून मीच पाड्यावरच्या बुधीआजीला बसायला दिलं होतं, कारण जमीन गार होती आणि आजीचे गुडघे दुखत होते. मिस्त्रींची वाट न बघता हँडल मारलं.

थोडा वेळ नीट चाललं. मग आवाज बदलला. एकेक ठोका वेगळा ऐकू येतो तो येईनासा झाला, सगळे ठोके एकात एक मिसळले आणि आवाज चढत गेला. धुरानं शेड पांढरी झाली. मी धावत जाऊन डिझेलचा कॉक बंद केला. काही फरक पडला नाही. घासलेल्या रिंगांमधून चढलेलं तेलच ते आता जाळत होतं, आणि ते तेल मी घातलेलं होतं. पट्टा फटकन् निसटून पत्र्यावर आपटला. ओझं सुटल्यावर चाक आणखीच पळालं, पायाखालचा कोबा थरथरू लागला. बायका ओरडत होत्या की नव्हत्या, मला ऐकू येत नव्हतं. दाराकडे जायचं तर चाकाजवळून जावं लागत होतं, म्हणून कुणी उठत नव्हतं. मीही उभी होते तिथेच होते.  धसईकडच्या त्या भिंतीचं भोक तेवढं डोळ्यांपुढे दिसत होतं.

त्या धुरात मिस्त्री आले. दारात क्षणभर थांबले, खुंटीकडे पाहिलं, खुंटी रिकामी. एरवी चपला काढल्याशिवाय आत न येणारा माणूस चाकाजवळून अंग चोरत तसाच आत शिरला, बुधीआजीला खांद्याला धरून बाजूला केलं, तिच्या खालचं गोणपाट ओढलं, इंजिनाच्या पाण्याच्या टाकीत बुडवलं आणि हवा ओढायच्या तोंडावर दोन्ही हातांनी दाबून धरलं. इंजिनानं ते पोतं आत ओढून घेतलं, मनगटांपर्यंत. मिस्त्रींनी सगळं अंग त्यावर टाकलं. चाक त्यांच्या कानापासून हातभरावर फिरत होतं. मग इंजिन घुसमटलं, दोन आचके दिले, आणि थांबलं.

शांततेत पहिलं बोलली ती बुधीआजी. "मिस्त्री, सांगितला असतास तर मी उठली असती रे."

कुणीतरी रडत रडत हसलं. मिस्त्री भिंतीला टेकून खाली बसले होते. मी पाणी पुढं केलं, पण तांब्या त्यांना धरता येईना. मी तांब्या धरला तेव्हा ते प्यायले. मी सांगितलं, तेल जास्त घातलं ते मी, गोणपाट दिलं ते मी. वाटलं, आता बोलतील. ते म्हणाले, "भ्यालात ना म्हणून घातलात. मी पण भ्यालोय. सगळी घरी जाऊ द्या आधी."

जत्रा झाल्यावर इंजिन खोललं. मिस्त्रींनी पाना माझ्या हातात दिला. "पयला नट तुमी." तो सुटेना, सुटला तेव्हा मला भडभडून आलं, आणि मिस्त्री उगाच बाहेर जाऊन एसटीची वाट बघत उभे राहिले. नंतर ते आत आले आणि आम्ही कामाला लागलो. बोर मुरबाडला लेथवर जाऊन आला, नवा पिस्टन आला, नव्या रिंगा आल्या. बांधताना मिस्त्री शेजारी बसून सांगत, आणि मी आवळत होते. सगळं खोललं, फक्त बाजूचं एक लहान झाकण त्यांनी खोलू दिलं नाही. चार नटांचं. त्यावर हात ठेवून म्हणाले, "याच्या आत काय खराब नाय. राहू दे तसाच." प्रत्येक स्क्रूवर संशय घेणारा माणूस हे म्हणत होता. आत खरंच काही खराब नव्हतं का, हे मी विचारलं नाही. ते झाकण अजून तसंच आहे, ह्यांनी आवळलेल्या चार नटांसकट.

मिस्त्री शेवटचे आले ते गेल्या सीझनला. खूप खंगले होते, मुंबईच्या दवाखान्यात नाव घातलंय म्हणाले. त्यानंतर उन्हाळ्यात ते गेल्याचंच कळलं. ते शेवटचे आले त्या दिवशी इंजिन चालू होतं, बायका बसल्या होत्या. मिस्त्रींनी खुंटीपाशी जाऊन गोणपाटाला हात लावला. ओलं होतं.

"तेल?"

"दोन रेघांच्या मधे."

त्यांनी ओला हात धोतराला पुसला. इंजिनाकडे थोडा वेळ बघत उभे राहिले. मग वळले, आणि चालू इंजिनाकडे पाठ करून, चारचौघांसारखे सरळ चालत रस्त्याकडे निघाले.  हाक मारायला मी तोंड उघडलं होतं. पण मागं इंजिन चालू होतं, म्हणून त्यांच्याऐवजी मी तिकडे तोंड करून उभी राहिले.