नोंदवहीत नसलेली जागा

बहुतेक गुन्हे फाइल बंद झाली की मनातूनही जातात. या प्रकरणाची तर धड फाइलसुद्धा झाली नाही, आणि निवृत्तीनंतर तेच एक माझी पाठ सोडत नाही.

पुण्याहून इंजिनिअर म्हणून न्यूझीलंडला आलो आणि चाळिशीच्या आत पोलिसांत भरती झालो. २०१४च्या सुमारास माझी बदली डोंगरातल्या एका जंगलगावी झाली. एकट्या माणसाचं ठाणं. कॉन्स्टेबल मी, कारकून मी, फरशी पुसायलाही मीच. बायको आणि लेक वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिल उपनगरात. रोज संध्याकाळी फोन करायचो. लेक माझं मराठी समजून घ्यायची, इंग्रजीत दोन शब्द बोलायची आणि फोन आईकडे द्यायची. मग मी एकटाच वरणभात गिळायचो.

एका सकाळी लाकूड कंपनीच्या ट्रक ड्रायव्हरचा फोन आला. "मित्रा, समोरच्या रस्त्यावरून दिसलं मला. पाइनच्या उतारावर एक म्हातारी खणत होती. काहीतरी पुरलं आणि रडत बसली. मला तर ते बाळच वाटलं."

मोठ्या ठाण्याला कळवलं. पथक यायला दोन तास लागणार होते, म्हणून मी एकटाच निघालो.

कंपनीच्या कुलूपबंद गेटबाहेर ती आपल्या जुन्या गाडीत बसली होती. सत्तरीची माओरी बाई, नखांत माती. तिकडेही मोठ्या बाईला सगळे आंटीच म्हणतात.

"किया ओरा, आंटी," मी त्यांच्या भाषेत नमस्कार केला. "काय पुरलंत?"

"फेनुआ."

हा शब्द प्रशिक्षणात शिकवला होता. फेनुआ म्हणजे जमीन.

"जमिनीत जमीन पुरलीत?"

"हो, पोरा."

बाई माझी थट्टा करतेय असं वाटून मी आवाज चढवला. तिने ओठ मिटले ते मिटलेच. गप्प बसतो तो लपवतो, असा आमच्या खात्यात पक्का समज. समोरच्याला कळेल म्हणूनही माणूस गप्प राहतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पथकाची वाट पाहायला हवी होती. पण बाळात धुगधुगी असली तर? मी तिला पोलीस गाडीत मागे बसवलं. ते दार आतून उघडत नाही. गेटवरून चढून आत शिरलो, बुटांच्या ठशांवरून वर गेलो आणि ताजी माती हातांनी उकरली. खालून काचेवर बडवल्याचा आवाज येत होता.

आत पात्यांची विणलेली टोपली निघाली. टोपलीत कापड, कापडात मांसाचा गोळा. बाळ नव्हतं.

"हे काय आहे?" मी परत येऊन विचारलं.

"सांगितलं ना. माझ्या नातीची फेनुआ. परवा पोरिरुआला जन्मली ती. सुईणीला विचार."

सुईण फोनवर म्हणाली, "हो, बाळंतपणातली वार. मीच आइस्क्रीमच्या डब्यात घालून दिली. त्यांच्यात वारेला आणि जमिनीला एकच शब्द आहे. तुम्हाला माहीत नाही?"

माहीत असायला हवं होतं. नाळ पुरली तो गाव, असं आपणही बोलता बोलता म्हणतो. माझी आत्या मला गोठ्यामागची जागा दाखवायची. मीच ते सगळं मागे टाकून आलो होतो.

आंटीचा जन्म त्याच उतारावरचा. तेव्हा तिथे मूळचं जंगल होतं. ओढ्यातले ईल मासे आणि नेच्याचे कोवळे कोंब यांवर तिचं घर चाललं. मग सरकारने जमीन घेतली, पाइन लावली, कंपनीला दिली. जमीन परत मिळावी म्हणून तिच्या लोकांचा दावा वर्षानुवर्षं चालू होता. नव्या मॅनेजरने गेटचं कुलूप बदललं. तिने आत जाण्यासाठी तीन अर्ज केले आणि तिन्ही नाकारले गेले. शेवटी ती तारेखालून गेली.

मी पथकाला परत फिरायला सांगितलं आणि तिची माफी मागितली. मलाही एक लेक आहे, असं म्हणालो.

"तू काढलीस, तूच परत ठेव," ती म्हणाली. तिला गाडीतून उतरवून मी बरोबर वर नेलं आणि टोपली पुन्हा पुरली. तिने प्रार्थना म्हटली, बाटलीतलं पाणी माझ्या हातांवर ओतलं आणि विचारलं, "तुझ्या लेकीची फेनुआ कुठे आहे?"

लेक वेलिंग्टनला जन्मली तेव्हा हॉस्पिटलच्या फॉर्मवर दोन चौकोन होते. घरी नेणार, की आम्ही विल्हेवाट लावू? मी दुसऱ्यावर खूण केली होती. तिला तसं सांगितलं. तिने माझ्या दंडावर हात ठेवला. त्या गावात इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं.

दुपारी मॅनेजरने तिच्यावर दोन वर्षांची प्रवेशबंदीची नोटीस काढली. कायद्याने तो त्याचा अधिकार होता. बजावणी मी केली, तिच्या स्वयंपाकघरात. तिने मला चहा दिला.

नोंदवहीत मी एकच ओळ लिहिली: गैरसमज, कारवाई नाही. खरं तर नकाशा, गेटपासूनचं अंतर, फोटो, सगळं हवं होतं. पण वार उकरल्याची लाज वाटत होती, म्हणून मी त्यातलं काहीच ठेवलं नाही. पुढे मोठ्या ठाण्यात बदली झाल्यावर हाताखालच्या नव्या पोरांना सांगत राहिलो की स्वतःची चूक सगळ्यात नीट लिहा, कुणाला तरी नेमकी तीच लागते. त्यांना तो म्हाताऱ्याचा तऱ्हेवाईकपणा वाटायचा.

बंदी संपायच्या आधीच आंटी गेली. त्याच वर्षी पाइन तोडली गेली.

माझ्या निवृत्तीच्या वर्षी तिची मुलगी मला शोधत ठाण्यात आली, सोबत पाच वर्षांची पोर, आंटीची तीच नात. दावा मान्य होऊन जमीन त्यांना परत मिळाली होती. गेट आता उघडं होतं.

"हिची जागा दाखवाल? आई म्हणाली होती, मी नसले तर त्या पोलिसाला विचार. त्याला ठाऊक आहे."

आम्ही वर गेलो. जिकडे पाहावं तिकडे सारखीच खोडं आणि काटेरी झुडपं. तासभर फिरलो. शेवटी पोरीने माझं बोट धरून एका खोडापाशी विचारलं, "इथे?"

"हो," मी म्हणालो. एवढ्या वर्षांच्या नोकरीत खोटी साक्ष मी ती एकदाच दिली.